संकेतस्थळाची परिभाषा : सोलापूरच्या पेठेंतून

सोलापूरच्या चाटी गल्लींत किंवा नव्या पेठेंत कापडाचें दुकान थाटावयाचें असेल, तर काय काय करावें लागतें हें तेथील व्यापाऱ्यास कोणीं शिकवावयास नको. जागा पाहावी, भाडेपट्टा लिहून घ्यावा, दारावर पाटी लावावी, माल मांडावा, आणि रात्रीं कुलूप घालून किल्ली जवळ ठेवावी. यांतील प्रत्येक कामाला शब्द आहे व त्या शब्दाचा अर्थ पिढ्यान् पिढ्या मुरलेला आहे. भाडेपट्टा कोणाच्या नांवें झाला हें न पाहतां कोणी सही करीत नाहीं. परंतु हाच जाणता व्यापारी महाजालावर दुकान मांडावयास निघाला, कीं त्याचें शहाणपण उंबरठ्यावरच थबकतें. ‘डोमेन’, ‘होस्टिंग’, ‘सर्व्हर’ असे शब्द कानांवर पडतात, आणि “तें सगळें तुम्हीच पाहा” असें म्हणून तो सर्व कारभार एखाद्या जाणकार तरुणाच्या हवालीं करतो. शब्द न समजल्यामुळें हातचा हक्क कसा जातो, आणि थोडे शब्द समजून घेतल्यास तो कसा राखतां येतो, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

प्रथम ‘संकेतस्थळ’ हाच शब्द घेऊं. ‘वेबसाइट’ या इंग्रजी शब्दासाठीं मराठींत रूढ झालेला हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. संस्कृत काव्यांत नायक-नायिकांनीं भेटीसाठीं आधीं ठरविलेल्या जागेस संकेतस्थान म्हणत. दोघांस ठाऊक असलेली खूण आणि त्या खुणेवर होणारी भेट, हा त्या शब्दाचा गाभा. महाजालावरील स्थळाचेंही तसेंच आहे. एकानें मजकूर कोठें तरी ठेवलेला असतो, दुसरा तो पाहूं इच्छितो, आणि ठरलेला पत्ता अचूक उच्चारल्यावांचून दोघांची गांठ पडत नाहीं.

महाजाल आणि संकेतस्थळें यांत पुष्कळ लोक गल्लत करतात. महाजाल म्हणजे इंटरनेट. तें रस्त्यांच्या किंवा लोहमार्गाच्या जाळ्यासारखें आहे. संकेतस्थळें ही त्या मार्गावरून चालणारी केवळ एक वाहतूक होय. टपाल, संभाषण व चित्रें यांची ने-आण त्याच मार्गावरून निराळ्या प्रकारें होते. भारतांत महाजालाचा मार्ग सामान्य जनतेस खुला झाला तो 15 ऑगस्ट 1995 रोजीं. संकेतस्थळांची कल्पना मात्र त्याआधींची. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत काम करणारे इंग्रज संशोधक टिम बर्नर्स-ली यांनीं 1989 सालीं ती प्रथम मांडली. 1991 सालीं ती जगापुढें आली. आणि 30 एप्रिल 1993 रोजीं त्या संस्थेनें ती कोणत्याही मोबदल्यावांचून सर्वांस वापरण्यास मोकळी केली. आज सोलापूरचा एखादा विणकर कोणाचाही परवाना न काढतां आपलें संकेतस्थळ उभें करूं शकतो, तें या औदार्यामुळें.

हें स्थळ घडतें तरी कसें? त्याचें उत्तर सोलापूरकरांस परक्या दृष्टान्तावांचून देतां येईल. सोलापुरी चादरीवर मोराच्या पिसाऱ्याची जी नक्षी उमटते, ती जॅकार्ड मागाची करामत. फ्रान्सांतील लियाँ शहरच्या जोसेफ मारी जॅकार्ड यानें 1804 च्या सुमारास सिद्ध केलेल्या या युक्तींत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकें पाडलेलीं असतात. जेथें भोंक असेल तेथील उभा धागा उचलला जातो, नसेल तेथील खालीं राहतो. म्हणजे नक्षी पुठ्ठ्यावर चितारलेली नसते. ती कशी विणावी याच्या सूचना तेवढ्या त्यावर असतात. चार्ल्स बॅबेज यानें आपल्या गणनयंत्राच्या योजनेसाठीं हेच पुठ्ठे उसने घेतले, आणि त्या यंत्रावर 1843 सालीं टिपणें लिहितांना एडा लव्हलेस या विदुषीनें जॅकार्ड मागाचाच दाखला दिला. संगणकाच्या कुळकथेंत माग आहे, ही गोष्ट गिरणगांवास अभिमानाची खरी.

संकेतस्थळाचें पानही असेंच सूचनांच्या रूपानें साठविलेलें असतें. हा मथळा, हा परिच्छेद, येथें चित्र, येथून दुसऱ्या पानाकडे जाणारा दुवा, असें ज्या खुणांनीं सांगतात त्यांस एचटीएमएल म्हणतात. अक्षर केवढें असावें, रंग कोणता, समास किती, हें सांगणाऱ्या सूचना म्हणजे सीएसएस. एकीनें अंग घडतें, दुसरीनें वेष. बटण दाबतांच किंमत बदलावी, चित्र सरकावें, असें चलनवलन हवें असल्यास तिसरी भाषा येते. तिचें नांव जावास्क्रिप्ट. या सूचना वाचून ग्राहकाच्या पडद्यावर प्रत्यक्ष पान विणणारा जो माग, तो ब्राउझर. म्हणूनच एकच पान एका यंत्रावर रुंद तर दुसऱ्यावर अरुंद दिसतें. पान तयार होऊन येत नाहीं; तें ज्याच्या त्याच्या हातांतील मागावर विणलें जातें.

आतां पाटीकडे वळूं. ज्या नांवानें स्थळ ओळखलें जातें तें डोमेन. त्याचा शेवटचा भाग, उदाहरणार्थ ‘इन’ किंवा ‘भारत’, हा जणू पत्त्यांतील प्रांत. त्याच्या आधींचा भाग मालकानें निवडलेला. डोमेन विकत घेतलें असें लोक बोलतात, परंतु तें बोलणें अचूक नव्हे. नांवांची नोंद करून देणाऱ्या संस्थेकडे, जिला रजिस्ट्रार म्हणतात, वर्षांच्या हिशेबानें शुल्क भरून तें राखून ठेवावें लागतें. सामान्यतः एका वेळीं एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत नोंद करतां येते. मुदत संपतांच नूतनीकरण न केल्यास कांहीं काळानें तें नांव सुटतें व पहिल्या येणाऱ्यास मिळतें. तेव्हां हा खरेदीखताचा व्यवहार नसून भाडेपट्ट्याचा आहे, हें मनांत पक्कें धरावें.

यंत्रांस नांवें समजत नाहींत. त्यांस आंकडे समजतात. महाजालावरील प्रत्येक यंत्रास आयपी नांवाचा अंकात्मक पत्ता असतो. त्याच्या जुन्या पद्धतींत 0 ते 255 यांपैकीं चार संख्या टिंबांनीं जोडलेल्या असतात. आरंभीं यंत्रें थोडीं असतांना कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंत नांवांची व आंकड्यांची एकच यादी ठेवलेली असे. यंत्रें वाढलीं, यादी पुरेनाशी झाली. तेव्हां 1983 सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं डीएनएस ही व्यवस्था रचली. नांव सांगावें आणि तिनें आंकडा द्यावा, असें तिचें काम. दूरध्वनीच्या नोंदवहीसारखीच ही वही आहे; मात्र ती एका ठिकाणीं नसून जगभर वांटलेली आहे.

पाटी झाली, आतां जागा. पानें व चित्रें ज्या यंत्रावर ठेवलीं जातात आणि जें अहोरात्र जागें राहून मागणाऱ्यास तीं देतें, तें सर्व्हर. त्यावर जागा भाड्यानें घेणें म्हणजे होस्टिंग, आणि आपल्या यंत्रावरून मजकूर तेथें चढविणें म्हणजे अपलोड. येथें एक भेद नीट ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. डोमेन आणि होस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नांव स्वतःचें असेल तर भाड्याची जागा न आवडल्यास बिऱ्हाड हलवितां येतें. पाटी तीच राहते, ग्राहकास कळतही नाहीं. नांवच दुसऱ्याचें असेल, तर मात्र हलावयाचें कोठें?

हा प्रश्न केवळ शाब्दिक नाहीं. कल्पना करावी कीं एका चादर-कारखानदारानें ओळखीच्या तरुणाकडून संकेतस्थळ करविलें. तरुणानें सोयीसाठीं डोमेनची नोंद स्वतःच्याच नांवें व स्वतःच्याच ई-पत्त्यावर केली; त्यांत कपट कांहीं नव्हतें. चार वर्षांनीं तो नोकरीनिमित्त परगांवीं गेला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ई-पत्त्यावर पडून राहिल्या आणि नांव सुटलें. इकडे कारखान्याच्या खोक्यांवर, बिलांवर आणि प्रत्येक चादरीच्या चिठ्ठीवर तेंच नांव छापलेलें. आणि तें उघडून पाहणाऱ्यास दिसतें भलतेंच कांहीं. कोर्टांत जावें तर नोंद दुसऱ्याची. असा प्रसंग टाळावयास दोन गोष्टी पुरतात. डोमेनधारक म्हणून मालकाचें अथवा पेढीचें नांव लिहविणें ही पहिली. आणि नोंदीचा ई-पत्ता व परवलीचा शब्द स्वतःपाशीं ठेवणें ही दुसरी.

नांव निवडतांना सोलापूरकरांस आणखी एक दक्षता घ्यावी लागते. इंग्रजी अमदानींतील कागदांवर या शहराचें नांव रोमन लिपींत ‘शोलापूर’ असें वाचावें अशा अक्षरांनीं लिहिलेलें आढळतें. पुढें ‘सोलापूर’ हें रूप स्थिरावलें. माणसास दोन्हीं रूपांतून एकच गांव दिसतें. यंत्रास मात्र एका अक्षराचा फरक म्हणजे दुसराच पत्ता. शक्य असल्यास दोन्हीं रूपें राखून ठेवणें शहाणपणाचें. सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल यांस 2005-06 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्यामुळें त्या नांवांस कायद्याचें संरक्षण आहे. परंतु डोमेनची नोंद करतांना प्रथम येणाऱ्यास प्रथम हाच नियम चालतो. गैरवापराविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे हें खरें. तथापि गेलेलें नांव परत मिळविण्यापेक्षां आधींच राखणें फार स्वस्त.

पाटी मराठींतच हवी, असें कोणास वाटल्यास तेंही आतां साध्य आहे. पूर्वीं मराठी स्थळें वाचण्यासाठीं ज्याचा त्याचा निराळा टंक उतरवून घ्यावा लागे, नाहींतर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग उभी राही. प्रत्येक अक्षरास जगभर एकच क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धति रूढ होतांच ती अडचण सरली. पुढें ऑगस्ट 2014 मध्यें ‘.भारत’ हें देवनागरी डोमेन खुलें झालें, आणि पत्ता देखील मातृभाषेंत लिहिण्याची सोय झाली.

स्थळ उभारणें सोपें. तें चालविणें हें खरें काम. रोजच्या रोज भाव, नमुने व मजकूर बदलण्यासाठीं कोणाच्या दारीं जावें लागूं नये म्हणून मजकूर-व्यवस्थापनाचीं साधनें निघालीं आहेत. 2003 सालीं निघालेलें वर्डप्रेस हें त्यांपैकीं बहुश्रुत. साधनाच्या नव्या आवृत्त्या वेळच्या वेळीं न चढविल्यास जुन्या फटींतून चोर शिरतो. सर्व मजकुराची प्रत अन्यत्र ठेवणें म्हणजे बॅकअप. ती त्याच यंत्रावर ठेवणें म्हणजे घराच्या विम्याचा कागद त्याच घरांत ठेवण्यासारखें. पत्त्याच्या आरंभीं एचटीटीपीएस असल्यास ग्राहक व स्थळ यांमधील बोलणें वाटेंत कोणास वाचतां येत नाहीं. परंतु एवढ्यावरून दुकानदार प्रामाणिक ठरत नाहीं. ठग देखील बंद पाकिटांतून पत्र पाठवूं शकतो. म्हणून ग्राहकानें पत्त्यांतील अक्षर न् अक्षर वाचावें. आणि ‘404’ हा आंकडा दिसला तर घाबरूं नये. दुकान जाग्यावर आहे, मागितलेलें पान तेवढें तेथें नाहीं, इतकाच त्याचा अर्थ.

मकरसंक्रांतीस सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेंत दुकान लावणारा साधा फेरीवाला सुद्धां जागेची पावती खिशांत घातल्यावांचून माल मांडीत नाहीं. महाजालावरील व्यवहारास याहून निराळें शहाणपण लागत नाहीं. नांव कोणाच्या नोंदीस आहे, जागा कोणाची आहे, मुदत केव्हां संपते, प्रत कोठें आहे आणि किल्ली कोणापाशीं आहे, हे पांच प्रश्न ज्यास विचारतां येतात, त्यानें या शास्त्राची परिभाषा पुरेशी आत्मसात् केली असें समजावें. सूचना लिहिण्याचें काम कुशल कारागिरानें खुशाल करावें. मागाची मालकी मात्र ज्याची त्यानेंच राखावी.