पाळी गेल्यावरचा विसर आणि आपले कर्तव्य
(दिल्ली येथील महिला कर्मचारी मेळाव्यातील भाषण)



पगार, पेन्शन, बदली यांवर आम्ही नेहमीच बोलतो. आज अशा विषयावर बोलायचे आहे, ज्याबद्दल आमच्या बैठकांतून पुरुष खाली पाहतात आणि भगिनी गप्प बसतात.

आपल्या देशात बहुतेक स्त्रियांची पाळी पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान जाते. त्या सुमारास अंगातून वाफा निघतात, झोप उडते, ओळखीचे नाव ओठावर येत नाही. तिकीट खिडकीवर हिशेब पुन्हा मोजावा लागतो, टपालाच्या छाननीत पिनकोड दोनदा वाचावा लागतो. एस्ट्रोजेन हे संप्रेरक मेंदूतही काम करते. ते घटले की हे होते. पण बहुतेकींचा हा विसर काही काळाने ओसरतो. त्याला वेड म्हणू नका, आळस तर मुळीच म्हणू नका.

स्मृतिभ्रंश हा वेगळा आजार आहे. दिल्लीच्या एम्सचा सहभाग असलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. साठीपुढील पुरुषांत हे प्रमाण सुमारे 5.8 टक्के, तर स्त्रियांत 9 टक्के आढळले. याला केवळ पाळी कारण नाही. ज्या पिढीतील मुलींना शाळेतून काढले, त्याची किंमतही त्या आज मोजत आहेत.

अंडाशय लवकर काढले तर मात्र हा धोका वाढू शकतो, असे संशोधन सांगते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनी आठवा. 2019 साली शासनाच्या समितीने 82,309 जणींची पाहणी केली; 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले होते. अशा शस्त्रक्रियेत कित्येकदा अंडाशयही जातात. म्हणून डॉक्टरला विचारा : गरज आहे का? अंडाशय राखता येतील का? दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या.

संप्रेरकांच्या गोळ्या मनाने घेऊ नका. अमेरिकेतील 2003 च्या अभ्यासात पासष्टीनंतर दोन संप्रेरके एकत्र दिलेल्या स्त्रियांत स्मृतिभ्रंश दुपटीने आढळला. वाफांचा त्रास असह्य असेल, तर पाळी जाण्याच्या सुमारासच तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

आपल्या हातात पुष्कळ आहे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवा, ऐकू कमी येत असेल तर कान तपासा, रोज चाला, माणसांत मिसळा. थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्या. त्यांच्या कमतरतेनेही विसर पडतो आणि उपचाराने तो बरा होऊ शकतो.

आमची मागणी सरळ आहे. रेल्वेच्या पीएमईत डोळे तपासता, तेव्हा पंचेचाळिशीपुढील भगिनींची झोप व स्मरण यांचीही विचारपूस व्हावी, आणि तीही महिला डॉक्टरकडून. टपाल खात्यातील भगिनींनाही तीच सोय मिळावी. विसर पडला म्हणून मेमो देण्याआधी तपासणी व्हावी. या त्रासात रात्रपाळी सलग लावू नये.

बंधूंनो, घरी गेल्यावर "तुला काही आठवत नाही" असे म्हणण्याऐवजी "झोप लागली का?" एवढे विचारा. युनियनचे काम तिथूनही सुरू होते.

कामगार एकजुटीचा विजय असो!