बावटा उतरल्यानंतर

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. कौलं उडाली, पत्रे उडाले, वर्षानुवर्षं जोपासलेल्या पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. वीज नाही, फोन नाही, आणि वरून कोरोनाची टाळेबंदी. वर्ष पुरं व्हायच्या आत, मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि जेमतेम सावरलेली माणसं पुन्हा हादरली.

त्या नुकसानीचे पंचनामे झाले. माणसांच्या मनात जी धास्ती बसली, तिचा पंचनामा कुणी केला नाही. मला आज तिच्याबद्दल बोलायचं आहे.

श्रीवर्धनचे एक बागायतदार. पावसाचे दिवस आले की ते संध्याकाळी शिडी लावून पत्र्याचा एकेक नट आवळतात. इथवर ठीकच, असं करायलाच हवं. पण रात्री दोन वाजता ते पुन्हा उठतात, बॅटरी घेऊन माळ्यावर चढतात आणि तेच नट हाताने चाचपून बघतात. बघितलं की जरा बरं वाटतं. मग वाऱ्याची झुळूक येते, की पुन्हा उठणं. त्यांच्या पत्नीचं दुखणं वेगळं. आभाळ भरून आलं की त्यांच्या छातीत धडधडतं, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात. कार्डिओग्राम दोनदा काढला, दोन्ही वेळा चांगला आला. ‘तुम्हाला काही झालेलं नाही,’ असं सांगून त्यांना घरी पाठवलं. हे वाक्य ऐकून बाई आणखी खचल्या, कारण त्रास तर खराच होता.

तो खराच असतो. धोका जाणवला की शरीर पळायच्या तयारीला लागतं. हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो, आणि अशा श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला की चक्कर येते, मुंग्या येतात. आता जीव जाणार असं वाटतं. पण ही लाट सहसा काही मिनिटांतच शिगेला पोचते आणि ओसरायला लागते. त्या वेळी श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. मात्र छातीतलं दुखणं पहिल्यांदाच होत असेल तर आधी डॉक्टरकडे जाऊन हृदय तपासून घ्यावं, अंगावर काढू नये.

भरडखोल, मुरूड, रेवस इथल्या कोळीवाड्यांत भीती नवी नाही. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान चक्रीवादळ आलं, तेव्हा कोकणातल्या कितीतरी होड्या समुद्रात होत्या. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागला आणि घरचा माणूस अजून बाहेर असला, की घरातल्या बाईला घास गोड लागत नाही. पण ती एकटी बसत नाही. चार घरच्या बाया एकत्र येतात, होडीवरच्या तांडेलाला वायरलेस लागला का विचारतात, मासळी निवडतात, हात चालू ठेवतात. ही फार शहाणी रीत आहे. पुरुषांपैकी काही जण बाटली जवळ करतात. दारूने भीती रात्रीपुरती झोपते आणि सकाळी दुप्पट होऊन उठते, हे मला ठामपणे सांगायचं आहे.

श्रीवर्धनच्या त्या बागायतदारांनी पुढे समुपदेशन घेतलं. ठरलं असं, की नट दिवसाउजेडी एकदाच तपासायचे, मुलाने ते पाहायचे, आणि रात्री शिडीला हात लावायचा नाही. पहिल्या रात्री ते टक्क जागे होते, पण उठले नाहीत. काही आठवड्यांनी झोप लागायला लागली. अशा भीतीच्या वेळी उपयोगी पडणारी, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती डॉ. कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. तिच्यात एक साधी गोष्ट आहे. ‘वादळ येताच कामा नये’ या हट्टाने माणूस पिळवटतो. ‘येऊ नये असं वाटतं, पण आलं तर काय करायचं ते मला ठाऊक आहे’ हा विचार त्याला उभं ठेवतो.

भीतीच वाटू नये, असं मी म्हणणार नाही. होडी वेळेवर बांधायला लावणारी भीती आपल्याला हवीच आहे. बावटा उतरल्यावरही ती जात नसेल, आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, कामावर जाववत नसेल, तर मात्र मदत घ्यायला हवी. घरच्यांनीही ‘मन घट्ट कर’ म्हणून बोळवण करू नये. जवळ बसावं, ऐकावं, आणि सोबत जावं.

अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. तिथवर जाणं जमत नसेल तर सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलिमानस’ ही सेवा आहे. 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक आज कागदावर लिहून घ्या, आणि शेजारच्या घरीही सांगा.