मंडळाची पेटी आणि तिचा गंधार



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बाजाच्या पेटीविषयी बोलावे, हे काहींना खटकेल. परंतु सरोजिनी नगरच्या क्वार्टरांत दारोदार वर्गणी काढून घेतलेली ही पेटी आपल्यांपैकी बहुतेकांहून अधिक काळ मंडळात आहे. बदल्या झाल्या, माणसे निवृत्त होऊन नोएडा-द्वारकेकडे पांगली, जुन्या क्वार्टरांपैकी पुष्कळ पाडली गेली; गणपतीच्या दिवसांत सर्वांना एकत्र बोलावणारा आवाज मात्र हिचाच राहिला. म्हणूनच तिच्या रीड्स बदलाव्यात की काय, हा प्रश्न कार्यकारिणीला तीन बैठका पुरला, आणि शब्दाला शब्द लागून दोन जुने स्नेही महिनाभर एकमेकांशी बोलेनासे झाले.

तक्रार एकच होती : पेटी बेसूर वाजते. जर्मन रीड्स बसवा, की आवाजही खुलेल आणि सूरही चोख लागेल, असे एका पक्षाचे म्हणणे. आम्ही त्याच पक्षाचे होतो, हे आधीच कबूल करतो. आमच्याच आग्रहाने एका दुकानात दोन ओळींपैकी एक ओळ नवी बसविण्यात आली. आवाज उजळला, यात शंका नाही. पण जुनी ओळ आणि नवी ओळ एकत्र वाजू लागताच स्वरांत लाटा उठू लागल्या, आणि स्त्रियांच्या भजनाला पूर्वीपेक्षा अधिक अडचण होऊ लागली.

अखेर जुन्या दिल्लीतील एका वृद्ध कारागिराकडे पेटी नेली. त्यांनी रीड्सकडे पाहिलेसुद्धा नाही. भाता भरून पट्ट्यांना हात न लावता तो किती वेळ टिकतो, हे पाहिले व म्हणाले, "पहले हवा रोकिए, सुर बाद में देखेंगे." उन्हाळ्याच्या कोरड्या वाऱ्यांत लाकूड आकसले होते, झडपांचे चामडे ताठरले होते, रीड्सचे स्क्रू सैल पडले होते. एवढी डागडुजी होताच निम्मा बेसूरपणा नाहीसा झाला. वाऱ्याचा दाब कमी-अधिक झाला तरी स्वर हलतो, ही साधी गोष्ट आम्हा सुशिक्षितांना ठाऊक नव्हती!

मग त्यांनी एक रीड काढून दाखविली. पितळी पट्टीवर रिव्हेटने बसविलेली पातळ जीभ. टोकाशी किंचित खरवडली की ती हलकी होते व स्वर चढतो. मुळाशी खरवडली की ती लवचीक होते व स्वर उतरतो. जर्मन असो वा पालिताण्याची, चांगल्या रीडने आवाजाचा पोत बदलतो, ती लवकर बोलते. पण सूर लावतो तो कारागिराचा हात. शिवाय नवी रीड काही महिने वाजून स्थिरावली, की पुन्हा लावावी लागते. ते आम्ही केलेच नव्हते. वरातीतल्या क्लॅरिनेटवाल्याचे बरे असते. थंडीत सूर उतरला तर तो नळीचा आखूड तुकडा घालतो, ओठांनीही सावरून घेतो. पेटीची रीड उलट उष्णतेने किंचित उतरते आणि वाजविणाऱ्याला तिथे काहीच करता येत नाही.

इतके होऊनही आमच्या भजनातल्या ज्येष्ठ काकूंचे समाधान होईना. तंबोऱ्यावर त्यांनी गंधार लावला. पेटीचा गंधार त्याहून चढा! आणि काकू चुकत नव्हत्या. सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग कल्पिले, तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार 386 वर असतो. सप्तकाचे बारा सारखे भाग करणारी पेटी तो 400 वर ठेवते. पंचमात फरक अवघा दोनाचा, 702 आणि 700. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि 1971 साली ती अंशतः उठली, त्या वादाच्या मुळाशी मींडेच्या अभावाबरोबर हाही दोष होता. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी क्लेमंट्ससाहेबांच्या साहाय्याने श्रुतींच्या पेटीचा ध्यास घेतला, अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची पेटी सिद्ध केली, ते याचसाठी. नव्या रीड्सनी हा दोष जात नाही.

कारागीर म्हणाले, काकूंच्या काळी चारला षड्ज धरून सारी पेटी तंबोऱ्याप्रमाणे लावून देतो. आम्ही हरखलो. मात्र त्यांनी लगेच पुढचे सांगितले : मग पांढरी एकमध्ये अभंग म्हणणाऱ्या पुरुषांचा गंधार 400 वरून 427 वर जाऊन बसेल. एकाच्या गळ्यासाठी लावलेली पेटी दुसऱ्याला बोचणार. आपल्या मंडळात तर प्रत्येकाची पट्टी निराळी.

काकूंनीच निकाल दिला. त्या म्हणाल्या, "पेटी सगळ्यांची आहे, सगळ्यांसाठीच लावा. माझा गंधार मी तंबोऱ्यावर घेईन. तेवढा वेळ पेटीवाल्याने ती पट्टी सोडावी."

त्याप्रमाणे नवी ओळ तशीच राहिली, जुनी तिच्याशी मिळवून घेतली, आणि उरलेल्या पैशांतून एक तंबोरा आला. ते दोघे स्नेहीही आता बोलू लागले आहेत. त्यांतले एक पेटीवर आहेत आणि दुसरे तबल्यावर. पडद्यामागून काकूंचा तंबोरा ऐकू येऊ लागला आहे, तेव्हा आम्ही आपली रजा घेतो.