प्रबंध कोणाच्या दप्तरी?



परिषदेच्या अध्यक्षाने प्रारंभी आपल्या अपात्रतेचा उच्चार करावा आणि मग तासभर पात्रतेचे प्रदर्शन मांडावे, असा आपल्याकडे प्रघात आहे; तो मी मोडतो, कारण वेळ थोडा आहे आणि मला भांडायचे आहे. सामाजिक न्यायाविषयीच्या विद्यापीठीय संशोधनावर सकाळपासून जे निबंध येथे वाचले गेले, त्यांत त्या संशोधनाच्या लोकजीवनावरील परिणामाचा उल्लेख इतक्या समाधानाने झाला, की प्रबंध विद्यापीठाच्या दप्तरी दाखल झाला म्हणजे न्याय रयतेच्या पदरी पडलाच, असे एखाद्या परक्याला वाटावे. या समाधानाविरुद्ध माझी फिर्याद आहे.

डॉ. आंबेडकरांना वंदन बहुतेक वक्त्यांनी केले. त्यांच्या संशोधनाचे पुढे काय झाले, हे कोणी सांगितले नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या तरुणाने १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर जो लेख लिहिला, त्यात, जमिनीचे तुकडे पडले म्हणून शेती बुडाली हे प्रचलित निदान उलटवून, शेतीवर पोट भरणाऱ्यांची गर्दी आणि भांडवलाचा तुटवडा हा खरा रोग असून उद्योगधंद्यांची वाढ हा त्यावरचा उपाय होय, असे त्यांनी साधार मांडले. लेख छापून आला, एवढ्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. १९२७ साली लहान शेतकऱ्यांविषयीचे सरकारी विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आले, तेव्हा तेथे ते विरोधाला उभे राहिले. १९३७ च्या सप्टेंबरात कोकणातील खोती ही जमीनपद्धत नष्ट करण्याचा मसुदा त्यांनी सभागृहापुढे ठेवला. आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी व कुळे मुंबईत कायदेमंडळावर मोर्चाने चालून गेली. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली, म्हणजे मसुद्यानंतर बारा वर्षांनी. ज्यांना परिणामाची घाई आहे, आणि ज्यांना पदोन्नतीच्या अर्जात त्याचा रकाना भरायचा आहे, त्यांनी ही मुदत ध्यानी धरावी.

दुसरा दाखला पुण्याचा. गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्याचा जो अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला, त्यात १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात माणशी दरमहा १५ रुपये आणि शहरात २२.५० रुपये एवढीही खर्चाची ऐपत नसलेले लोक खेड्यांत सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के आहेत, असे दाखवून ते थांबले नाहीत. काम मागणाऱ्याला काम पुरविण्याचा भार सरकारने उचलावा, इथपर्यंत त्यांनी आपला विचार नेला. महाराष्ट्र विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचे प्रयत्न त्याच दिशेने आधीपासून चालू होते, १९७२ च्या दुष्काळात लाखो स्त्रीपुरुष सरकारी कामांवर खडी फोडीत होते, त्यांच्या संघटना रस्त्यावर होत्या. तेव्हा कोठे १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला, आणि २००५ साली केंद्र सरकारने तोच कित्ता सबंध देशासाठी गिरविला. सारे श्रेय विद्वानांना देणारा या इतिहासाचा विपर्यास करतो, आणि विद्वानांची गरजच नव्हती म्हणणारा त्याहून मोठा करतो.

आता, संशोधकाने निःपक्षपाती असावे, मोर्चाची धूळ अंगाला लागू देऊ नये, असा उपदेश करणाऱ्यांना माझे उत्तर ऐका. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले सुखदेव थोरात आणि अमेरिकेतील पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले. फरक केवळ नावाचा. सवर्ण नावाच्या मानाने दलित नावाला बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश, आणि मुसलमान नावाला एक-तृतीयांश निघाला. यात आरडाओरड नाही, विशेषण नाही; मोजणी चोख आहे. पण प्रश्न निवडताना त्यांनी पक्ष घेतला होता, आणि तो घेतला नसता तर ही मोजणी जन्मालाच आली नसती. निःपक्षपात पुराव्याच्या छाननीत हवा. प्रश्नाच्या निवडीत जो त्याचा आव आणतो, तो चालू व्यवस्थेचा वकील होय, मग त्याची सनद कोणत्याही विद्यापीठाची असो.

विद्यापीठांच्या कारभाराविषयी थोडक्यात बोलतो, कारण तो विषय थोडक्याच योग्यतेचा आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने लेख मोजून अध्यापकाला गुण देण्याची पद्धत घातली. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी दुकाने गावोगाव निघाली. आणि २०१८ साली आयोगालाच आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. (ही पद्धत आली तेव्हा आयोगाच्या अध्यक्षपदी थोरातच होते, सज्जन माणूस गादीवर बसविल्याने दप्तर सुधारत नाही, याचा हा पुरावा.) गुणांसाठी छापलेल्या त्या लेखांत ऊसतोड मजूर होते, परित्यक्ता होत्या, पारधी होते. त्यांच्या कैफियती घेऊन संशोधक गेला, तो सारा वसूल करून गेलेल्या सरकारी कारकुनासारखा पुन्हा गावाकडे फिरकला नाही. जी कैफियत मराठीत दिली गेली, तिचा निष्कर्ष इंग्रजीत निघाला, आणि देणाऱ्याला तो वाचून दाखविण्याचे बंधन कोणावरच नव्हते.

म्हणून विषय-नियामक समितीने तयार केलेला अभिनंदनाचा ठराव बाजूस ठेवून मी अध्यक्षपदावरून दुसरा मांडतो. जात, जमीन, मजुरी आणि स्त्रियांची स्थिती यांवरील प्रत्येक प्रबंधाचा सारांश मराठीत लिहिला जावा. ज्या गावातून वा वस्तीतून माहिती गोळा केली, तेथील सभेत तो मौखिक परीक्षेपूर्वी वाचला जावा. तेथे निघालेले आक्षेप, संशोधकाच्या उत्तरासह, प्रबंधाला जोडले जावेत. आणि त्याविना पदवी दिली जाऊ नये. या ठरावाने अनेकांची गैरसोय होईल, हे मी जाणतो. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो चहाच्या वेळी कुजबुजत न सांगता, येथे उभे राहून, आपल्या नावानिशी नोंदवावा.