आकड्याच्या आधीचा प्रश्न
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



2020 च्या पावसाळ्यात गोरेगावचं नेस्को, दहिसर, मुलुंड इथे जंबो कोविड केंद्रं उभी राहिली आणि त्याच सुमारास 'डी-डायमर' (गुठळी विरघळताना रक्तात उतरणाऱ्या अंशाची चाचणी) हा शब्द आपल्या उपनगरांत घरोघरी पोचला. आकडा वाढलेला दिसला की घरच्यांचे हातपाय गळायचे. नॉर्मल असला की जीव भांड्यात पडायचा. साथ ओसरली, पण सवय राहिली. दम लागला की काही जण आजही आधी लॅब गाठतात, मग डॉक्टर. या उलट्या क्रमाविषयी मला तळमळीने बोलायचं आहे.

पायाच्या खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, तिचा तुकडा सुटतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकतो. हा पल्मनरी एम्बोलिझम. तो जिवावर बेतू शकतो, पण त्याची लक्षणं चारचौघांसारखी असतात: दम, छातीत कळ, धडधड. न्यूमोनियातही हेच, हार्ट अटॅकमध्येही हेच. सरसकट सगळ्यांचं सीटी करावं तर किरणं आणि डायचा मूत्रपिंडांवरचा भार. सगळ्यांना रक्त पातळ करायचं औषध द्यावं तर रक्तस्रावाची भीती. म्हणून चाचणीच्या आधी डॉक्टरला ठरवावं लागतं, की या माणसाला हा आजार असण्याची शक्यता किती?

ती शक्यता आकड्याचा अर्थ कसा पालटते पाहा. समजा, डी-डायमर 100 पैकी 95 खरे रुग्ण पकडते आणि 100 निरोगी माणसांपैकी 40 जणांनाच 'नाही' म्हणते. आता ज्यांच्यात शक्यता कमी, असे 100 जण घ्या. आजार फक्त 5 जणांना. चाचणी 62 जणांची पॉझिटिव्ह येईल आणि त्यांतल्या 57 जणांना काहीच झालेलं नसेल. मात्र जे 38 निगेटिव्ह, ते जवळपास सगळे निर्धास्त. दुसरे 100 घ्या, ज्यांच्यात आजार 60 जणांना आहे. आता निगेटिव्ह 19, आणि त्यांतले 3 खरे रुग्ण! तोच 'नॉर्मल' रिपोर्ट इथे सहातल्या एकाला फसवतो.

कॅनडातले डॉ. फिलिप वेल्स आणि सहकाऱ्यांनी 2000 साली या अंदाजाला गुण दिले. समजा, घाटकोपरच्या एक आजी कॅज्युअल्टीत आल्या. तीन आठवड्यांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालंय: दीड गुण. नाडी 112: आणखी दीड. डॉक्टर टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजतात. डावी सुजलेली, दाबली की आजी 'आई गं' म्हणतात: तीन. दुसरं कुठलंही कारण इतकं पटत नाही: पुन्हा तीन. बेरीज 9. चारच्या वर गेलं की डी-डायमरची वाट पाहायची नाही, थेट सीटी. पूर्वी गुठळी झाली असेल तर दीड गुण. कॅन्सर असेल तर एक, थुंकीतून रक्त पडत असेल तर एक.

या शेवटच्या गुणापाशी मी नेहमी थबकतो. गोवंडी-मानखुर्दकडचा पेशंट रक्त थुंकतो तेव्हा मुंबईच्या डॉक्टरच्या मनात आधी टीबी येतो, आणि यायलाच हवा. म्हणून 'दुसरं कारण पटत नाही' हे तीन गुण तो विचारपूर्वक देतो. हे गुण डॉक्टरच्या मतावर सोडलेत, अशी टीका होते. मला मात्र तीच या पद्धतीची ताकद वाटते.

याउलट मुलुंडची 28 वर्षांची मुलगी. जिममध्ये वजन उचलल्यावर छातीत टोचतंय, दाबलं की तिथेच दुखतं. नाडी 84, ऑक्सिजन 98, पाय ठीक, ऑपरेशन नाही, पूर्वी गुठळी नाही, रक्त नाही. पर्क नावाची आठ प्रश्नांची यादी आहे. शक्यता मुळातच कमी वाटत असेल आणि आठही उत्तरं समाधानकारक असतील, तर डी-डायमरसुद्धा करू नये. पण त्यात एक प्रश्न गुठळीचा धोका वाढवणाऱ्या इस्ट्रोजेन या हार्मोनचा आहे आणि तो नीट विचारायला हवा. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतलेली गोळी कुणी 'औषध' म्हणून सांगत नाही. तिच्यात बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. मोठ्या मात्रेत त्याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेन होतो. बायांनो, ही गोळी संकोच न करता सांगा. डॉक्टरांनीही सासूला बाहेर बसवून विचारावं.

वयाचंही भान हवं. पन्नाशीनंतर डी-डायमर आपसूक चढतं, म्हणून वयाला दहाने गुणून मर्यादा धरतात: सत्तरीच्या माणसाला लिटरमागे 500 ऐवजी 700 मायक्रोग्रॅम. डेंग्यू, न्यूमोनिया, गरोदरपण, ऑपरेशन, सगळ्यांत ते वाढतं. 

आणि त्या घाटकोपरच्या आजी? सीटीला उशीर होणार असेल आणि रक्तस्रावाचा धोका फार नसेल, तर रिपोर्टची वाट न पाहता रक्त पातळ करणारं हेपॅरिन सुरू करतात. निदान पक्कं झालेलं नसतं. 9 गुणांच्या भरवशावर इंजेक्शन दिलं जातं.