आकड्याआधी लाटा



गोदाकाठच्या नांदेडात लातूर, परभणी, हिंगोलीहून आलेल्या डॉक्टर, सिस्टर्स आणि विद्यार्थ्यांचं स्वागत समितीच्या वतीने मनापासून स्वागत. लातूरकरांचं जरा जास्तच. महसूल आयुक्तालय कुणाच्या गावात असावं यावरून आपण भांडत आलो, पुढेही भांडू. पण रात्री दोनला व्हेंटिलेटर रिकामा आहे का, हे विचारायला फोन एकमेकांनाच करतो.

आजचा विषय ऐकून एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारलं, "मेंदूच्या लाटा बघून गुंगीचं औषध द्यायचं, ही मुंबई-पुण्याची चैन. आपल्याला कशाला?" मला वाटतं, गरज आपल्यालाच जास्त आहे.

आयसीयूत गुंगी किती, हे आपण रास या मापपट्टीने ठरवतो, अधिक 4 ते उणे 5. हाक मारायची, डोळे उघडतो का बघायचं, नाहीतर हलवून बघायचं. बिनखर्चाचं आणि उत्तम. पण ज्याला हलताच येत नाही, त्याचं काय? पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते. चावल्याचं कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या गळतात, आणि दुपारपर्यंत तो व्हेंटिलेटरवर असतो. बाहुल्या प्रकाशाला दाद देत नाहीत. मेंदू गेला असं वाटावं, पण माणूस आत पूर्ण जागा असू शकतो आणि राउंडवरचं आपलं बोलणं ऐकत असतो. ज्या जिल्ह्यात मुखेडला डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशावर एवढं काम केलं, तिथे हे वेगळं सांगायला नको. फवारणीचं औषध प्यालेल्यांचंही तसंच: 24 ते 96 तासांत मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 मध्ये याचं वर्णन केलं.

मग कपाळाला पट्टी लावून बीआयएस यंत्र मेंदूच्या लाटांवरून काढतं तो 0 ते 100 मधला आकडा वाचला की झालं? नाही. तो आकडा स्नायूंच्या हालचालीने फसतो. विषबाधेत चेहऱ्याचे स्नायू फडफडत असतील तर तो वर जातो. उलट 2015 मध्ये ऑस्ट्रेलियात दहा जाग्या स्वयंसेवकांना फक्त स्नायू शिथिल करणारं औषध दिलं, तर आकडा 60 च्या खाली घसरला, म्हणजे भूल दिलेल्या रुग्णाइतका. माणसं मात्र जागीच होती! आपल्याकडचे हे दोन्ही रुग्ण नेमके या आकड्याला चकवणारे आहेत. आयसीयूतल्या वापरावर 2018 च्या कॉक्रेन आढाव्याला अवघे चार अभ्यास, 256 रुग्ण सापडले. फायदा सिद्ध झाला नाही. यंत्राच्या कंपनीच्या प्रतिनिधींनी माफ करावं, ते आजचे प्रायोजकही आहेत.

म्हणून माझा आग्रह आकड्यामागच्या लाटांचा आहे. औषध फार झालं की लाटा अधूनमधून उसळतात आणि मध्ये सपाट रेघ. ती दिसली तर मिडाझोलम या गुंगीच्या औषधाचा पंप कमी करायला परवानगी कुणाला? माझ्या मते रात्रपाळीच्या सिस्टरला, तिला लेखी सूचना देऊन ठेवावी. आणि मण्यारीच्या रुग्णाच्या लाटा जागेपणाच्या असतील, तर श्वासाची नळी सोसायला त्याला गुंगी द्यावी, त्याच्या कानाशी बोलावं.

दुपारच्या कार्यशाळेत लाटा वाचायला शिकवणार आहेत. पुढच्या दोन रांगा सिस्टर्ससाठी राखल्या आहेत. प्राध्यापक मंडळींनी कृपया मागे बसावं.