मत्सराकडून मुदितेकडे

(हिवरखेड येथे स्थानिक लेखक, वार्ताहर, शिक्षक आणि वाचक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



या गावाच्या नावातच हिवर आहे. हिवराचे झाड कसे असते हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. काटेरी, चिवट, वैशाखातही तग धरणारे. मात्र त्याच्या सावलीविषयी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. ती कितीही दाट असली तरी तिच्याखाली बसू नये, असे म्हणतात. संतवाङ्मयातही सज्जनांनी टाळलेली सावली म्हणून तिचा दृष्टांत आला आहे. बिचाऱ्या झाडावर कदाचित हा अन्याय असेल. वनस्पतिशास्त्राचे जाणकार त्याची बाजू मांडतील. आजच्या विषयाला मात्र तो दृष्टांत नेमका लागू पडतो. लेखणी धरणाऱ्याच्या मनात अशीच एक सावली असते. व्यवसायबंधूला यश मिळाले की ती पडते. ‘त्याचे पुस्तक निघाले ते ओळखीच्या जोरावर’, ‘तिला पुरस्कार मिळाला कारण परीक्षक तिच्या ओळखीचे’, असे दोन शब्द बोलले की तापलेल्या मनाला घटकाभर गारवा मिळतो. त्या गारव्यात माणूस बसून राहतो आणि त्याचे स्वतःचे लिहिणे तेवढे थांबते.

आपल्या परंपरेने सहा शत्रू सांगितले, त्यांत मत्सर शेवटचा. काम, क्रोध, लोभ यांची निदान लाज तरी वाटते. रागावलेला मनुष्य सायंकाळी म्हणतो, ‘चूक झाली, रागाच्या भरात बोललो.’ पण मत्सराच्या भरात बोललो, असे कबूल करणारा मनुष्य शोधून सापडायचा नाही. कारण मत्सर नेहमी दुसऱ्याचा वेष घेऊन येतो. कधी तो वाङ्मयीन अभिरुचीच्या वेषात येतो, कधी न्यायाची चाड म्हणून, तर कधी तत्त्वनिष्ठेच्या भाषेत बोलतो. अमरकोशाने असूया या शब्दाचा अर्थ फार मार्मिक दिला आहे: गुणांच्या ठिकाणीही दोषांचा आरोप करणे. दोष दिसणे ही असूया नव्हे, ते समीक्षकाचे कामच आहे. गुण दिसत असताना त्यालाच दोष म्हणणे, ही असूया. आणि गुण दिसला आहे हे ज्याचे त्याला पक्के ठाऊक असते.

दुसरी एक गोष्ट. हा विकार दूरच्या माणसाविषयी होत नाही. तेल्हारा तालुक्यातला कवी कालिदासाचा मत्सर करीत नाही, रवींद्रनाथांचाही करीत नाही. तो मत्सर करतो तो आपल्याबरोबर एकाच बाकावर बसून पहिली कविता लिहिणाऱ्याचा. ज्याचे ऱ्हस्वदीर्घ कालपरवापर्यंत आपण दुरुस्त करून दिले, त्याचा. दिवाळी अंक हाती आल्यावर पुष्कळ लेखक आधी अनुक्रमणिका उघडतात. स्वतःचे नाव सापडले तरी डोळे तेथे थांबत नाहीत, आणखी कोणाकोणाची नावे आहेत याचा शोध घेतात. आता तर अंकाची वाट पाहावी लागत नाही. पुरस्काराची बातमी भ्रमणध्वनीवर पाच मिनिटांत येते आणि त्याखाली अभिनंदनाच्या फुलांची रांग लागते. त्या रांगेत आपलेही एक फूल ठेवताना ज्याची बोटे थोडी अडखळली नाहीत, तो भाग्यवान.

येथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. लहान गावातल्या लेखकावर अन्याय होतच नाही काय? होतो. तालुक्याचा वार्ताहर पावसापाण्यात फिरून बातमी आणतो आणि ती शहरातल्या कोणाच्या तरी नावाने छापून येते, असे घडते. पुणे-मुंबईच्या प्रकाशकाकडे वऱ्हाडातले हस्तलिखित वर्षानुवर्षे पडून राहते, असेही घडते. याविरुद्ध बोललेच पाहिजे. परंतु अन्यायाविरुद्ध बोलणारा मनुष्य उघड बोलतो, नावानिशी पत्र लिहितो, पुरावा देतो. मत्सर चहाच्या टपरीवर कुजबुजतो आणि तोच लेखक समोर आला की ‘या, या, अभिनंदन’ म्हणतो. अन्यायाची खरी तक्रार हे मत्सराचे आवडते खाद्य आहे. म्हणून दोन्ही गोष्टी मनात वेगळ्या कप्प्यांत ठेवायला शिकले पाहिजे.

आता ज्यांचे स्मरण करण्यासाठी हे गाव फार योग्य आहे, त्या पुरुषाकडे वळू. येथून सातपुड्याचा पायथा धरून पश्चिमेकडे निघाले आणि संग्रामपूर ओलांडले की जळगाव जामोद लागते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे तेथले वकील. १८७१ साली नागपुरात जन्मले. अकोला, खामगाव आणि जळगाव जामोद येथे त्यांनी वकिली केली. वऱ्हाडातल्या या वकिलाने मराठी विनोदाचा पाया घातला. ‘सुदाम्याचे पोहे’ हे त्यांचे. शाळाशाळांतून आजही गायले जाणारे महाराष्ट्रगीत त्यांचे. ते गाणाऱ्या किती मुलांना कवीचे नाव ठाऊक असते, हा प्रश्न विचारू नये हे बरे. ‘वीरतनय’, ‘मूकनायक’, ‘मतिविकार’ या त्यांच्या नाटकांनी एक काळ किर्लोस्कर नाटक मंडळीची रंगभूमी गाजवली. जोडीला ते साक्षेपी समीक्षक होते आणि भारतीय ज्योतिर्गणितावर ग्रंथ लिहिण्याइतके गणितीही होते. १९२७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

याच किर्लोस्कर मंडळीत १९०६ साली एक एकवीस वर्षांचा तरुण दाखल झाला. मंडळीतल्या मुलांना शिकवणे हे त्याचे काम. नाव राम गणेश गडकरी. त्याने कोल्हटकरांना गुरू मानले. नाटकात, विनोदात, भाषेच्या कोटीबाज वळणात तो गुरूच्याच वाटेने चालला आणि पाहता पाहता गुरूच्या पुढे निघून गेला. ‘प्रेमसंन्यास’, ‘पुण्यप्रभाव’, ‘भावबंधन’, ‘एकच प्याला’! त्याच सुमारास खाडिलकरांच्या ‘मानापमान’ने प्रेक्षक वेडे झाले होते. कोल्हटकरांच्या उत्तरकाळातील नाटकांना मात्र पूर्वीचे यश पुन्हा लाभले नाही. लोक म्हणू लागले, कोल्हटकरांनी वाट पाडली आणि गडकरी त्या वाटेवरून राजासारखा चालत गेला.

लेखकाच्या आयुष्यातला हा सर्वांत अवघड प्रसंग होय. परका पुढे गेला तर सोसता येते. आपली शैली उचलून, आपल्याच हत्यारांनी, आपल्याच डोळ्यांदेखत कोणी पुढे गेला तर? ‘हे सारे माझ्याकडूनच घेतले,’ हे वाक्य जिभेच्या टोकावर येणे किती स्वाभाविक! गडकरी १९१९ च्या २३ जानेवारीला सावनेर येथे गेले. वय अवघे तेहतीस. त्यांच्यामागे कोल्हटकर पंधरा वर्षे जगले. माणूस कृतीवरून ओळखावा, या न्यायाने पाहिले तर एक गोष्ट ठळक दिसते. एका शिष्याने झाकोळून टाकल्यावर पुढच्या शिष्यासाठी त्यांनी आपले दार लावून घेतले नाही. आपल्याकडे एक वचन आहे की, अन्य सर्वांवर विजय मिळवण्याची इच्छा धरावी, पण शिष्याकडून मात्र पराजय व्हावा असेच इच्छावे. वचन पाठ करणे सोपे आहे. नाट्यगृह दुसऱ्याच्या नाटकाला भरलेले असताना ते जगणे सोपे नाही.

तो पुढचा शिष्य म्हणजे विष्णु सखाराम खांडेकर. १९२० पासून कोकणात शिरोड्यासारख्या लहान गावी शाळा चालवणारा हा प्रकृतीने नाजूक मनुष्य कोल्हटकरांना गुरू मानी. म्हणजे गडकरी त्याचे गुरुबंधू झाले, आणि तेही असे गुरुबंधू की ज्यांचे नाव घराघरांत गेलेले. खांडेकरांनी काय केले? १९३२ साली ‘गडकरी: व्यक्ती आणि वाङ्मय’ हा एक संबंध ग्रंथ लिहिला. त्यात भाबडी स्तुती नाही. गडकऱ्यांच्या प्रतिभेचे मोठेपण आणि तिच्या मर्यादा दोन्ही तोलल्या आहेत. मत्सरावर याहून चांगले औषध कोणते? ज्याच्या यशाने मन अस्वस्थ होते, त्याचे पुस्तक हाती पेन्सिल घेऊन अथपासून इतिपर्यंत वाचणे. पुष्कळदा असे होते की आपण ज्याचा मत्सर करतो त्याचे लेखन आपण वाचलेलेच नसते. आपण फक्त त्याच्या सत्काराची छायाचित्रे पाहिलेली असतात.

याच्याही पुढची गोष्ट दहा वर्षांनंतरची. खांडेकरांनी तरुणपणी ‘कुमार’ या नावाने कविता लिहिल्या होत्या. कवी म्हणून त्यांचे नाव झाले नाही. कादंबरीकार म्हणून झाले, आणि १९४१ साली ते सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. त्यांच्या वाचनात नाशिकच्या एका तिशीतल्या कवीच्या नियतकालिकांतून विखुरलेल्या कविता आल्या. जे आपल्याला साधले नाही ते या तरुणाला साधले आहे, हे खांडेकरांसारख्या जाणत्याला पहिल्याच वाचनात कळले असणार. त्यांनी त्या कवितांचा संग्रह स्वतःच्या खर्चाने छापला, त्याला प्रस्तावना लिहिली. तो संग्रह म्हणजे १९४२ सालचा ‘विशाखा’ आणि तो कवी म्हणजे कुसुमाग्रज. १९४२ हे साल जरा आठवून पाहावे. महायुद्ध चाललेले, कागद महागलेला, देशात ‘चले जाव’ चळवळीचा आगडोंब. अशा वेळी एक लेखक दुसऱ्याच्या कवितेसाठी स्वतःचा खिसा रिकामा करतो!

पुढे १९७४ सालचे ज्ञानपीठ ‘ययाति’साठी खांडेकरांना मिळाले. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. दुसरे १९८७ सालचे, कुसुमाग्रजांचे. जळगाव जामोदच्या वकिलाचे घर, शिरोड्याची शाळा आणि नाशिकचा कवी यांना जोडणारी ही रेषा मराठी वाङ्मयाच्या नकाशावर ओढून पाहावी. कोल्हटकरांची नाटके आज रंगभूमीवर दिसत नाहीत, हे खरे. पण त्यांच्या ऋणात नसलेला मराठी विनोद दाखवणे कठीण आहे. आपल्या शास्त्रांनी ऋषिऋण सांगितले. ते पूर्वसूरींना परत करता येत नाही, पुढच्याला देऊनच फेडावे लागते. लेखनाचा व्यवसाय या हिशेबाने पाहिला की दुसऱ्याचे यश आपल्या खात्यातून वजा होत नाही.

मग लेखकांत भांडणे नव्हतीच काय? भरपूर होती. १९४० ला फडके, १९४१ ला खांडेकर, १९४२ ला अत्रे, असे लागोपाठ तीन अध्यक्ष संमेलनाला लाभले आणि या तिघांच्या वादांनी मराठी वाचकाची पुष्कळ वर्षे करमणूक केली. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकर वाद उघड्या मैदानातला होता. त्यातून वाचकाला विचार मिळाला. अत्रे-फडके वाद मात्र पुष्कळदा व्यक्तिगत पातळीवर उतरला. तेवढा काळ त्या दोन समर्थ लेखण्या दुसऱ्या कामी आल्या असत्या, असे आज वाटते. पण त्याच अत्र्यांची एक वेगळी बाजू शेजारच्या खानदेशाने पाहिली. कवी सोपानदेव चौधरी यांनी आपल्या आईच्या ओव्यांची वही संकोचत अत्र्यांपुढे ठेवली. अत्रे हरखून गेले, त्यांनी प्रस्तावना लिहिली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. आज मात्र महाराष्ट्र त्यांना मुख्यतः बहिणाबाईंचे चिरंजीव म्हणून ओळखतो. ती वही ट्रंकेत ठेवून देणे त्यांना अशक्य नव्हते.

आणि आपल्या अकोल्याचे कवी ‘बी’? नारायण मुरलीधर गुप्ते हे त्यांचे नाव. सरकारी खात्यात साधी नोकरी, कवितेखाली एकच अक्षर. ज्याने आपले नावच बी सारखे मातीआड ठेवले, त्याला दुसऱ्याचे नाव मोठ्या टायपात छापून आले म्हणून काय दुखणार?

योगसूत्रांत पतंजलींनी चित्त प्रसन्न ठेवण्यासाठी चार वृत्ती सांगितल्या: मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. यांपैकी मुदिता म्हणजे दुसऱ्याचे चांगले पाहून होणारा आनंद. पतंजलींनी तिची भावना करावी असे म्हटले आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ती आपोआप होत नाही, हे त्यांना ठाऊक होते. सूर्यनमस्कारासारखी ती रोज घालावी लागते. पहिल्या दिवशी अंग दुखते. अभिनंदनाचे पत्र लिहिताना हात जड होतो. तरी ते लिहावे, आणि ‘आपले यश पाहून आनंद झाला’ एवढ्यावर न थांबता त्या पुस्तकातले कोणते पान आवडले आणि का, हेही लिहावे. त्यासाठी ते पान वाचावे लागते, आणि वाचता वाचता निम्मे काम होऊन जाते. मत्सर पूर्णपणे जाईल, असे आश्वासन कोणी देऊ नये. तो पुन्हा पुढच्या दिवाळी अंकाबरोबर येईल. आला की ओळखावा, बसायला चटई मात्र देऊ नये.

या भाषणानंतर येथील कवींचे काव्यवाचन होणार आहे. सर्वांच्या पिशव्यांत स्वतःच्या वह्या दिसत आहेत. आयोजकांना एक विनंती आहे. आज प्रत्येकाने आपली वही शेजारच्याच्या हाती द्यावी आणि शेजाऱ्याने त्यातली त्याला सर्वांत चांगली वाटलेली कविता, कवीचे नाव घेऊन, खड्या आवाजात वाचावी. डावीकडच्या रांगेपासून आरंभ करू या.